नकलेतून आलेला वारसा : हटराइटांच्या हस्तलिखितांचे प्रकरण

१७६७ च्या ऑक्टोबरात ट्रान्सिल्व्हानियातल्या क्रॉइट्झ नावाच्या खेड्यातून सत्तरच्या आसपास माणसे निघाली. बायका, लहान मुले, म्हातारीकोतारी, सगळे. समोर कार्पेथियनचे डोंगर, डोंगरापलीकडे वालाकिया, म्हणजे तुर्की सुलतानाच्या मांडलिकाचा मुलूख. मागे राहिलो तर मोठ्यांना तुरुंग आणि मुलांना अनाथाश्रम, अशी कुणकुण त्यांना लागली होती. बरोबर घेतलेल्या थोडक्या सामानात हाताने लिहिलेली जुनी पुस्तकेही होती.

ही माणसे स्वतःला हटराइट म्हणवत. सोळाव्या शतकात मोराव्हियात उभ्या राहिलेल्या, १६२२ साली तिथून हाकलल्या गेलेल्या एका ख्रिस्ती बंधुसमाजाचे आपण वारस आहोत, असे ती मानत. पण डोंगर चढणाऱ्या त्या टोळीतल्या बहुतेकांचे आईबाप हटराइट नव्हते, आजे-पणजेही नव्हते. ते होते ऑस्ट्रियातल्या कॅरिंथियातले ल्यूथरपंथी शेतकरी. अवघ्या बारा वर्षांपूर्वी त्यांना या समाजाचे नावही ठाऊक नसावे.

त्याच सुमारास, शेकडो मैल पश्चिमेला, आजच्या स्लोव्हाकियातल्या सोबोतिश्ते आणि वेल्के लेव्हारे या गावांत खऱ्याखुऱ्या हटराइटांचे नातू-पणतू राहत होते. त्यांच्या घरांतून सरकारी माणसे आणि जेझुइट पाद्री जुनी हस्तलिखिते गोळा करून नेत होते. हे लोक कॅथलिक झाले. घरे राहिली, कुंभारकामाचे हुन्नर राहिले, आडनावे राहिली. हटराइट मात्र कोणी उरले नाही.

रक्ताचे वारस एकीकडे आणि वारसा दुसरीकडे, असे का झाले? माझ्या मते या प्रकरणाची किल्ली त्या हाताने लिहिलेल्या पुस्तकांत आहे. पण ती सरळसोट फिरत नाही, म्हणून सगळे प्रकरण पहिल्यापासून मांडतो.

अंगरख्यावर ठेवलेली मालमत्ता

जानेवारी १५२५ मध्ये झुरिकला काही तरुणांनी मोठेपणी, समजून-उमजून, पुन्हा बाप्तिस्मा घेतला. आज वाचताना यात काय एवढे, असे वाटेल. त्या काळी तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा म्हणजे चर्चमध्ये प्रवेश आणि राज्याच्या प्रजेतही प्रवेश. तो नाकारणारा माणूस दोन्हींच्या विरोधात उभा राही. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट, दोन्ही राजवटींनी या ‘पुनर्बाप्तिस्मावाल्यां’ना बुडवून, जाळून, तलवारीने मारले. मोराव्हियातल्या सरदारांना मात्र कष्टाळू कुळे हवी होती, म्हणून तिथे आसरा मिळाला.

१५२८ साली निकोल्सबुर्गहून, म्हणजे आजच्या मिकुलोव्हहून, दोनशेच्या आसपास प्रौढ माणसे बाहेर काढली गेली. तलवार धरायची नाही, यावर ती अडून बसली होती. वाटेत त्यांनी जमिनीवर एक अंगरखा पसरला आणि प्रत्येकाने आपल्याजवळ होते नव्हते ते त्यावर आणून ठेवले. कोणावर जबरदस्ती झाली नाही. ‘तुझे-माझे नाही’ ही त्यांची रीत तिथून सुरू झाली. पुढे टायरॉलमधून आलेल्या याकोब हुटरने या समाजाला घडी घालून दिली. हुटर धंद्याने टोप्या करणारा. फेब्रुवारी १५३६ मध्ये त्याला इन्सब्रुकला जाळले, पण नाव त्याचेच चिकटले.

१५६५ ते १५७८ या प्रमुख पीटर वाल्पोटच्या कारकिर्दीत मोराव्हियात त्यांच्या डझनावारी वसाहती होत्या. एका वसाहतीत कितीतरी कुटुंबे राहत, स्वयंपाक एक, कोठार एक, शाळा एक. सुऱ्या करणारे, घड्याळजी, विणकर, मातीची झिलईदार भांडी करणारे असे कारागीर त्यांच्यात होते. आणि सुंदर अक्षर काढणारे लेखनिक होते.

छापखाना हाताशी असताना

या काळापर्यंत युरोपात छपाई सुरू होऊन शंभर वर्षे उलटली होती. ल्यूथरची चळवळ तर छापील पत्रकांवर वाढली. मग हटराइटांनी आपले सगळे धन हाताने का लिहिले?

भीती हे एक कारण खरेच. छापखाना म्हणजे ठिकाण, यंत्र, कामगार, छाप्याचा धोका. पण भीतीने सगळे उलगडत नाही, कारण त्यांनी एक पुस्तक छापले. त्यांचा पुढारी पीटर रीडमान जर्मनीतल्या हेसेच्या तुरुंगात असताना १५४० च्या सुमारास त्याने आपल्या श्रद्धेचा ‘जबाब’ लिहिला. हे पुस्तक छापून निघाले, १५६५ मध्ये पुन्हा छापले गेले. ते कोणासाठी होते हे पाहा : हेसेच्या राज्यकर्त्यासाठी, बाहेरच्या जगासाठी. आम्ही कोण, काय मानतो, आमच्यावर कसले आरोप खोटे आहेत, हे परक्यांना सांगायचे म्हणून ते छापले.

जे आपल्या माणसांसाठी होते ते हातानेच लिहिले गेले. तुरुंगातली पत्रे, गाणी, प्रवचने, बखर, शाळेचे नियम, कारागिरांचे नियम. त्यांच्या भाऊबंदांनी, म्हणजे इतर पुनर्बाप्तिस्मावाल्यांनी, वेगळी वाट धरली. स्विस बंधूंनी आपली गाणी १५६४ मध्ये छापली, डच मेनोनाइटांनी आपल्या हुतात्म्यांचा जाडजूड ग्रंथ १६६० मध्ये छापला. हटराइटांची गाणी छापील पुस्तकात आली ती १९१४ साली, तीही अमेरिकेत.

छापील पुस्तक कोणाच्याही हाती पडते. हाताने उतरवलेले पुस्तक कोणी कोणासाठी लिहिले हे दोघांनाही ठाऊक असते, आणि लिहिणाऱ्याच्या मनावर ते एकदा पूर्ण उमटलेले असते. पोथीची नकल करताना घाई चालत नाही. एकेक शब्द आधी वाचावा लागतो, तोंडात घोळवावा लागतो, मग उतरतो. या समाजाला हेच हवे होते असे मला वाटते.

तुरुंगातून कोठारापर्यंत

दर वसंतात वसाहतींमधून प्रचारक बाहेर पडत : टायरॉल, श्वाबिया, हेसे, स्वित्झर्लंड. निरोप घेताना परत भेट होईलच याची खात्री नसे. पुष्कळसे पकडले जात. कोठडीतून ते बायकोला, वडीलधाऱ्यांना, सगळ्या मंडळीला पत्रे लिहीत, आणि ती पत्रे कोणाच्या तरी हस्ते मोराव्हियात पोचत.

१५३९ च्या डिसेंबरात ऑस्ट्रियातल्या श्टाइनेब्रून इथे छापा पडला. पकडलेल्या पुरुषांना फाल्कनश्टाइनच्या गढीत ठेवून नव्वदच्या आसपास माणसे साखळदंड घालून ट्रिएस्टच्या बंदराकडे चालवत नेली. त्यांना गलबतांवर वल्ही मारायला जुंपायचे होते. ट्रिएस्टला एका रात्री बहुतेक जण दोरीने तटावरून उतरून निसटले. त्यांच्या हालांवर रचलेली गाणी पुढच्या पिढ्यांच्या वह्यांतून उतरत राहिली.

पत्र आले की मंडळीत मोठ्याने वाचले जाई. मग ते संग्रहात उतरवले जाई, त्या संग्रहावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. पत्र लिहिणारा कधीच जळून गेलेला असे, पण त्याचे ‘प्रिय बंधूंनो’ हे संबोधन पन्नास वर्षांनी जन्मलेल्या पोराच्या हातून पुन्हा लिहिले जाई. पत्राचे शास्त्र झाले ते असे.

या पुस्तकांचे रूपही बोलके आहे. पुष्कळशी आकाराने लहान आणि जाड, प्रवासात बरोबर नेता येतील अशी. लाकडी पुठ्ठ्यावर चामडे, कडेला पितळी आकडे. आत काळ्या शाईत एकसारख्या ओळी, प्रकरणाच्या आरंभीचे अक्षर बहुधा मोठे, लाल शाईने सजवलेले. बिऱ्हाड कायम पाठीवर असलेल्या माणसांनी इतक्या निगुतीने पुस्तके करावीत, याचे मला फार अप्रूप वाटते. याचे मूळ त्यांच्या शाळेत होते. मुलगे आणि मुली दोघांनाही लिहा-वाचायला शिकवले जाई, तेही युरोपातली बहुतेक शेतकरी प्रजा निरक्षर असताना. वाल्पोटच्या काळातली १५७८ ची शाळेची नियमावली आजही उपलब्ध आहे.

डोळे गेलेला बखरकार

या सगळ्या लेखनाचा कणा म्हणजे त्यांचा मोठा इतिहासग्रंथ. मी त्याला बखरच म्हणतो. ती लिहायला घेतली कास्पर ब्राइटमिखेलने. आरंभी तो सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात करतो. आदाम, संदेष्टे, ख्रिस्त, प्रेषित, मग चर्चची घसरण, आणि मग १५२५ चे झुरिक. काल जन्मलेल्या, सगळीकडून हाकललेल्या समाजाला तो जगाच्या पहिल्या दिवसापर्यंत नेऊन जोडतो. आम्ही नवे नाही, आम्हीच जुने आहोत, असे म्हणायची ही पद्धत.

तो १५४२ पर्यंत पोचला. दृष्टी अधू झाल्यामुळे आणि अंगात ताकद न राहिल्यामुळे आपल्याला पुढे लिहिता येत नाही, असे त्याने प्रस्तावनेत नोंदवले आहे. १५७३ मध्ये तो वारला. त्याने खाली ठेवलेली लेखणी दुसऱ्याने उचलली. हाउप्रेख्त झाप्फसारख्या लेखनिकांनी आधीचे सगळे स्वच्छ उतरवले आणि पुढची वर्षे जोडली. असे हात बदलत बखर १६६५ पर्यंत आली. सव्वाशे वर्षांच्या या मजकुरात बोलणारा मात्र सगळीकडे ‘आम्ही’ हाच आहे.

त्यात काय आहे? कोण वडील निवडला गेला, कोण कुठे मारला गेला, कुठल्या सालात पीक बुडाले, कुठल्या सैन्याने कोठार लुटले. जिवे मारलेल्यांची गावागणिक मोजदाद आहे, तो आकडा दोन हजारांवर जातो. १६०५ मध्ये हंगेरीतल्या बोचकाईच्या बंडाच्या वेळी तुर्क-तातारांनी दोनशेहून अधिक हटराइट बायका-मुले-पुरुष गुलाम म्हणून नेले. सालोमोन ब्यॉगर नावाचा एक बंधू त्यांना शोधायला, त्यांत आपल्या बायकोला शोधायला, तुर्कस्तानात वर्षानुवर्षे फिरला. बखरीतला हा भाग वाचताना पान पुढे उलटवत नाही.

१६२० मध्ये श्वेत पर्वताची लढाई हॅब्सबर्ग सम्राटाने जिंकली आणि मोराव्हियातल्या सरदारांचे छत्र गेले. १६२२ मध्ये कार्डिनल डीट्रिखश्टाइनने हटराइटांना हद्दपार केले. काही जण आजच्या स्लोव्हाकियात आले. एक गट आदल्या वर्षीच ट्रान्सिल्व्हानियाच्या बेथलेन गाबोरने आपल्या मुलखात, आल्विन्झला, नेला होता.

या पडत्या काळात १६३९ ते १६६२ आन्द्रेआस एहरेनप्राइस प्रमुख होता. धंद्याने तो पिठाच्या गिरणीवाला. लोक ढिले पडताहेत हे त्याला दिसत होते. त्याच्या काळात आणि त्याच्या प्रेरणेने बायबलच्या एकेका अध्यायावरची लांब प्रवचने लिहून काढली गेली. जर्मनमध्ये ते त्यांना ‘लेर’ म्हणतात, म्हणजे शिकवण. पुढच्या तीनशे वर्षांची शिदोरी तीच ठरली. बखर १६६५ ला थांबते, तेव्हा हा एके काळचा भरभराटीचा समाज हॉलंडमधल्या मेनोनाइटांकडे मदत मागत होता.

पुस्तके होती, तरी समाज विझला

माझ्या म्हणण्याला छेद देणारी गोष्ट इथे येते आणि ती झाकून उपयोग नाही. १६८० च्या दशकात स्लोव्हाकियातल्या हटराइटांनी सामाईक मालकी सोडून दिली, आल्विन्झमध्येही १६९० च्या दशकात तेच झाले. तेव्हा पुस्तके कोणी जप्त केली नव्हती. सगळी घरात होती आणि वाचलीही जात होती. तरीही अंगरख्यावर ठेवलेली मालमत्ता जो तो परत घेऊन गेला. म्हणजे पुस्तकांनी समाज टिकवला, असे म्हणता येत नाही.

जप्ती आली ती नंतर, हॅब्सबर्ग राणी मारिया तेरेसाच्या काळात, १७५० च्या दशकाच्या अखेरीपासून. तोवर आतली वीण सैल झालेलीच होती. वडीलधाऱ्यांना मठांत आणि तुरुंगांत डांबले, प्रार्थनेच्या जागी जेझुइट प्रवचन देऊ लागले, घरोघर झडत्या झाल्या. जे मुळाशी सैल झाले होते ते यानंतर पुन्हा जोडता आले नाही, कारण जोडायचे कशावरून, ते कागदच नेले होते. या लोकांना आजही ‘हाबान’ म्हणतात. त्यांची भांडी संग्रहालयांत मानाने ठेवलेली आहेत.

आल्विन्झमध्ये मूठभर म्हातारी माणसे आणि त्यांची पुस्तके शिल्लक होती. १७५५ नंतर तिथे कॅरिंथियाचे लोक आले. ते कोण होते हे महत्त्वाचे आहे. कॅथलिक राज्यात पिढ्यान्पिढ्या गुपचूप ल्यूथरची पुस्तके लपवून वाचणारी ही शेतकरी घराणी. ते उघड झाले तेव्हा मारिया तेरेसाच्या सरकारने त्यांना उचलून साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकले. म्हणजे लपवलेले पुस्तक काय असते, ते कसे वाचायचे, त्यासाठी काय किंमत मोजायची, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

कामाच्या शोधात फिरताना त्यांची आल्विन्झच्या म्हाताऱ्यांशी गाठ पडली आणि जुनी हस्तलिखिते त्यांच्या हाती आली. म्हाताऱ्यांच्या घरांत ही पुस्तके साठ-सत्तर वर्षे पूर्वजांची आठवण म्हणून वाचली गेली होती. कॅरिंथियाच्या लोकांनी ती काय करायचे याची सूचना म्हणून वाचली. १७६० च्या दशकाच्या आरंभी क्रॉइट्झला त्यांनी पुन्हा सामाईक चूल पेटवली. जुन्यांपैकीही काही जण त्यांच्यात येऊन मिळाले.

माझा निष्कर्ष एवढाच : हस्तलिखितांनी हटराइट समाज जिवंत ठेवला नाही. तो विझल्यावर कोणालाही पुन्हा पेटवता येईल इतका बारकाईने लिहून ठेवला. चुलीपासून शाळेपर्यंत, प्रार्थनेपासून कारागिराच्या नियमापर्यंत. आणि त्यातला ‘आम्ही’ इतका मोकळा होता की परका माणूसही नकल करता करता त्यात जाऊन बसू शकला.

योहानेस वाल्डनर

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे एक माणूस. योहानेस वाल्डनर १७४९ मध्ये कॅरिंथियात, ल्यूथरपंथी घरात जन्मला. लहानपणीच आईबापांबरोबर ट्रान्सिल्व्हानियात आला. क्रॉइट्झहून ती मंडळी डोंगर चढली तेव्हा तो अठराच्या आसपास होता. वालाकियात रशिया-तुर्कस्तानच्या युद्धात सगळे लुटले गेले. मग रशियन सेनापती रुम्यान्त्सेव्हच्या बोलावण्यावरून १७७० मध्ये ते युक्रेनमध्ये देस्ना नदीकाठी विशेन्काला वसले. तिथून त्यांनी मागे राहिलेल्यांचा शोध घ्यायला माणसे पाठवली. १७८० च्या दशकात स्लोव्हाकियातून वाल्टर घराण्यासारखी काही जुन्या रक्ताची माणसे येऊन मिळाली.

वाल्डनर पुढे या समाजाचा प्रमुख झाला. १७९३ मध्ये त्याने लेखणी घेतली आणि दुसरी, धाकटी बखर लिहायला सुरुवात केली. आधी जुन्या बखरीचा सार, मग १६६५ ला तुटलेला धागा उचलून थेट आपल्या काळापर्यंत, १८०२ पर्यंत. हुटरला जाळले ते ‘आमच्या’ इतिहासात, मोराव्हियातून काढले ते ‘आपल्या पूर्वजांना’. कॅरिंथियाच्या शेतकऱ्याचा मुलगा हे लिहितो आणि त्यात कुठे अडखळ जाणवत नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या अनोळखी माणसांना त्याने वाचून आणि उतरवून आपले पूर्वज करून घेतले होते.

आजच्या हटराइटांत होफर, वाल्डनर, क्लाइनसासर, वुर्ट्झ, ग्लान्झर ही आडनावे जागोजाग भेटतात. सगळी कॅरिंथियाची.

पुढची दीडशे वर्षे

१८१९ मध्ये युक्रेनमध्येच सामाईक मालकी पुन्हा मोडली. चाळीस वर्षांनी, १८५९ मध्ये, मिखाएल वाल्डनर नावाच्या लोहाराने ती परत सुरू केली, म्हणून त्याच्या गटाला आजही ‘लोहाराची माणसे’ म्हणतात. विझणे आणि पेटणे एकदा घडले तर योगायोग म्हणता येईल, हे तर दुसऱ्यांदा घडले. रशियात सक्तीची सैन्यभरती आल्यावर १८७४ ते १८७९ या काळात साधारण बाराशे लोक अमेरिकेतल्या डकोटात आले. त्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याने वसाहती केल्या. उरलेल्यांनी स्वतंत्र शेते घेतली, आणि त्यांचे वंशज बहुतेक मेनोनाइट मंडळ्यांत मिसळून गेले. रक्त तेच, बोट तीच, डकोटा तोच.

इकडे युरोपात १८८३ मध्ये योसेफ फॉन बेक या ऑस्ट्रियन गृहस्थांनी जप्त झालेल्या पोथ्या जुळवून हटराइटांचा इतिहास छापला. जेझुइटांनी उचलून नेलेली पुस्तके ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, एस्टरगोम अशा ठिकाणच्या ग्रंथालयांत सुरक्षित राहिली होती. जप्तीने समाजाचे तोडले आणि अभ्यासकांचे राखले. पण खुद्द मोठ्या बखरीची जुनी प्रत तिथे नव्हती. ती डोंगर, नद्या, समुद्र ओलांडून अमेरिकेत, हटराइटांच्याच जवळ होती. पहिल्या महायुद्धात लष्करी सेवा नाकारल्याबद्दल झालेल्या छळानंतर यातले बहुतेक लोक कॅनडात गेले. १९२३ मध्ये रुडोल्फ वोल्कान या अभ्यासकाने एलियास वाल्टर या हटराइट वडिलांच्या सहकार्याने बखर पहिल्यांदा छापली.

बखर छापली गेली, गाणी छापली गेली. प्रवचने मात्र मागेच राहिली. वसाहतीत नवा उपदेशक नेमायचा असला की आधी मते घेतात, पुरेशी मते मिळालेल्यांची नावे एका टोपीत घालतात आणि चिठ्ठी काढतात. ज्याचे नाव निघेल त्याला ना पाठशाळा ना पदवी. तो काल शेतात किंवा गोठ्यात काम करणारा माणूस असतो. स्वतःचे प्रवचन रचायचा अधिकार त्याला नाही, नवे प्रवचन कोणी रचतच नाही. तो जुन्या उपदेशकाकडून सतराव्या शतकातली प्रवचने मागून आणतो. काही वसाहतींत आता टंकलेखन आणि संगणक आले आहेत, पण रीत अशी की दिवसाची कामे उरकल्यावर त्याने दिव्यापाशी बसावे, वही उघडावी आणि गिरणीवाल्या एहरेनप्राइसच्या काळची जुनी जर्मन वाक्ये स्वतःच्या हाताने उतरवायला घ्यावीत.